इतर कारण, किमान वीस शब्द

मापसाहेबांनी फिनिश भाषा निवडली ती एकाच गुणावर. ती इमारतीत कुणालाही येत नव्हती.

झालं असं, की तळमजल्यावरचे बँकवाले निवृत्त झाल्यावर ऑनलाइन फ्रेंच शिकू लागले आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला 'बोंजूर' घालू लागले. त्यावर काय उत्तर द्यायचं हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे लोक जिन्याने ये-जा करायला लागले, आणि त्यात म्हणे दोघातिघांची साखर आटोक्यात आली. मापसाहेब त्याच वर्षी निवृत्त झालेले. एके दिवशी ते लिफ्टमध्ये बँकवाल्यांच्या तावडीत सापडले.

"मग? तुमचं काय चाललंय सध्या?" बँकवाल्यांनी विचारलं.

खरं उत्तर 'काही नाही' असं होतं. पण निवृत्त माणसाला ते दोन शब्द फार जड जातात. "भाषाच शिकतोय मीपण," मापसाहेब म्हणाले.

"वा. कुठली?"

चौथा मजला आला म्हणून मापसाहेब तेवढ्यापुरते वाचले. घरी जाऊन त्यांनी कॉम्प्युटरवर भाषांची यादी उघडली. जर्मन तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यीणबाईंना येत होतं. जपानी दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर शिकून आला होता. स्पॅनिश बँकवाल्यांच्या सुनेला येत होतं आणि ती सून भलती चौकस होती. प्रत्येक भाषेला इमारतीत एक परीक्षक बसलेलाच होता. फिनिशला मात्र कुणी नव्हतं. मापसाहेबांनी त्यावर खूण केली आणि संध्याकाळी स्वतःहून तळमजल्यावर जाऊन बातमी दिली.

आता हे मापसाहेब म्हणजे मुळात असे काटा मारणारे नव्हेत, उलटच. तेहतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानांतून जायचं, तराजू तपासायचे, वजनं पडताळायची, खरी असतील तर शिक्का, खोटी असतील तर जप्ती. पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला एक तराजू त्यांनी नुसत्या आवाजावरून पकडला होता, आणि त्या दुकानदाराला ते जे म्हणाले ते खात्यात पुढे बरीच वर्षं सांगितलं जाई: "वजन खरं नसेल, तर वर माझा शिक्का कशाला?" इमारतीत त्यांना मापसाहेब म्हणत. त्यांच्या बायकोला ओघानेच मापकाकू. तिचं खरं नाव काय, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

नावनोंदणीचा अर्ज भरण्यात चार दिवस गेले. अर्जाला आधी त्यांचं नाव पटेना, मग फोटोतलं कपाळ पटेना. शेवटी 'ही भाषा का शिकायची आहे?' या प्रश्नाशी गाडी अडली. पर्याय होते नोकरी, विवाह, स्थलांतर, संशोधन आणि इतर. नोकरी संपली होती, विवाह चौतीस वर्षांपूर्वी झाला होता. राहिलं 'इतर'. त्यावर खूण केली की खाली चौकट उघडे: कारण लिहा, किमान वीस शब्द. शेजाऱ्याने लिफ्टमध्ये गाठलं, हे कारण वीस शब्दांत बसलं असतं, पण ते लिहिण्यासारखं नव्हतं. मापसाहेबांनी 'सदर भाषेविषयी असलेली प्रदीर्घ आस्था' अशा थाटात एकशे चाळीस शब्द लिहिले. त्यातला एकही खरा नव्हता. सरकारी नोकरीचा हा एक फायदा असतो.

वर्ग आठवड्यातून दोनदा, दुपारी दोन वाजता. एकूण चोवीस. त्यातल्या वीसांना हजर राहिलं तरच शेवटी तोंडी परीक्षा आणि प्रमाणपत्र. तीस-एक विद्यार्थी, सगळ्यांचे कॅमेरे आणि माइक बंद. बोलायच्या फक्त फिनलंडच्या बाई. त्या प्रश्न विचारायच्या आणि उत्तर टाइप करायचं. समजावून सांगायला इंग्रजी होतं. बाई साठीच्या आसपासच्या, केस पांढरे, बारीक कापलेले, मागे खिडकी. त्या एक वाक्य म्हणत आणि मग गप्प बसत. चांगल्या अर्धा अर्धा मिनिट गप्प बसत. तेहतीस वर्षं दुकानदारांना बोलतं करण्यात घालवलेल्या माणसाला ही शांतता सोसेना. पहिल्याच तासाला मापसाहेबांनी टाइप केलं, "आवाज येत नाहीये."

"येतोय," बाई म्हणाल्या. "मी वाट बघतेय."

एका नामाची पंधरा रूपं असतात हे दुसऱ्या तासाला कळलं. मापसाहेबांनी ते जेवताना बायकोला ऐकवलं. "आपल्या विभक्त्या आठ, यांच्या पंधरा. जवळजवळ दुप्पट. एवढा माल लागतो कशाला?" बायको म्हणाली, "थंडी असते ना तिकडे. सगळं अंगावर चढवूनच बाहेर पडत असतील." मापसाहेबांना हे स्पष्टीकरण शास्त्रीय वाटलं नाही. पण त्या दिवसापासून तिला ती रूपं लक्षात राहू लागली आणि त्यांना राहिनात. ती त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असे. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिचं स्वतःचंही नसावं.

चौथा तास बुडाला, तो फिनलंडने घड्याळं बदलली म्हणून. वसंत आला की तिकडे सगळा देश काटे एक तास पुढे सरकवतो, हे मापसाहेबांना ठाऊक नव्हतं. ते दोन वाजता कॉम्प्युटरसमोर बसले तेव्हा बाई निरोप घेत होत्या. मापसाहेब संतापले. मापात फेरफार, तोही सरकारी आणि उघड उघड. त्यांनी तक्रारीचा मसुदाही केला, पण पाठवायचा कुणाला ते ठरेना. एक गैरहजेरी लागली ती लागलीच, आणि पुढचे वर्ग दुपारी एक वाजता भरू लागले.

इकडे लिफ्टमध्ये बँकवाले रोज फिनिश ऐकायला मागत. मापसाहेब 'कीतोस' म्हणत, म्हणजे धन्यवाद. दोन आठवडे त्यांनी संपूर्ण इमारत या एका शब्दावर तोलून धरली. बँकवाल्यांनी एकदा बारकाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सल्ला दिला, "तुमचे उच्चार दातांत अडकतायत. माझंही तसंच व्हायचं. एकदा दाखवून घ्या." मापसाहेब उच्चार सुधारायला म्हणून तिसऱ्या मजल्यावर गेले आणि दोन दाढा कमी होऊन आले. एका दाढेखाली पू निघाला होता. गाल सुजून डोळ्याला टेकला. दंतवैद्यीणबाई म्हणाल्या, "या गोळ्यांनी झोप येईल. येऊ द्या. दोन आठवडे दुपारी पडून राहायचं."

दोन आठवडे म्हणजे चार वर्ग. आधीचा एक बुडालेला. पाच गैरहजेऱ्या झाल्या असत्या आणि चालत होत्या चार. मापसाहेबांनी कागदावर हिशेब लिहून बायकोपुढे सरकवला, कारण बोलता येत नव्हतं. खाली लिहिलं: 'फक्त बस. हजेरी लागेल. काही लिहू नकोस.'

"आणि बाईंनी विचारलं तर?"

'विचारत नाहीत. वाट बघतात.'

ती बसली. पहिल्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला आणि गप्प राहिल्या. तीस जण गोंधळून भराभरा काहीबाही लिहीत असताना ती त्या शांततेत निवांत बसून राहिली. बडबड्या नवऱ्याबरोबर चौतीस वर्षं काढलेल्या बाईला अशी शांतता कुणी पहिल्यांदाच देऊ केली होती. मग तिने एका बोटाने तीन शब्द टाइप केले. ते बरोबर होते.

दर शुक्रवारी बाई प्रत्येक विद्यार्थ्याला दोन ओळी पाठवत. मापसाहेबांना आजवर 'धन्यवाद, जरा कमी लिहा' एवढंच आलेलं. या शुक्रवारी आलं: 'मोठा बदल दिसतो. आता तुम्ही आधी ऐकता, मग लिहिता. फार छान.' मापसाहेबांनी सुजल्या डोळ्याने ते दोनदा वाचलं. त्यांना राग आला, आणि तो नेमका कुणाचा आला हे ठरवता येईना. संध्याकाळी मात्र त्यांनी ते बँकवाल्यांना दाखवलं. मोबाइल पुढे धरला आणि नम्रपणे दुसरीकडे बघितलं.

सूज उतरली, गोळ्या संपल्या, पण दुपारची झोप काही गेली नाही. "आजच्या दिवस बस," असं म्हणत म्हणत आणखी एक आठवडा गेला, मग महिना. आता बायको जेवणं आटोपून पावणेएकलाच कॉम्प्युटरसमोर बसू लागली. वहीला वही म्हणून मापसाहेबांचे नोकरीतले उरलेले कोरे छापील फॉर्म तिने बाहेर काढले. पुढच्या बाजूला 'तपासणीअंती माप खरे / खोटे आढळले. लागू नसेल ते खोडावे,' आणि मागच्या बाजूला तिच्या गोल अक्षरात फिनिश. तीनला मापसाहेब डोळे चोळत बाहेर येत आणि विचारत, "काय झालं आज?"

"सिनॅ नुकुइत," ती म्हणे. "मिनॅ ओपिस्केलिन."

"म्हणजे काय?"

"तू झोपलास. मी अभ्यास केला." आणि ती हसे. "त्यांच्यात अहो-जाहो फारसं नाहीच हो. नवऱ्यालाही सरळ तू. मला तर बाई मोकळं मोकळं वाटतं."

रोज ऐकून ऐकून ही दोन वाक्यं मापसाहेबांना पाठ झाली. तीन महिन्यांत त्यांना आलेलं फिनिश म्हणजे एवढंच, अधिक कीतोस आणि पहिल्या तासांना कानावर पडलेले 'वाइमो' म्हणजे बायको असले चार-दोन शब्द.

एका दुपारी त्यांना झोप लागेना. ते दारात येऊन उभे राहिले. बायको पाठमोरी बसली होती, स्क्रीनवर बाई गप्प होत्या, आणि दोघी एकमेकींना न भेटता एकमेकींची वाट बघत होत्या. स्क्रीनच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचं नाव होतं ते मापसाहेबांचं. पारड्याखाली मेण असलं की तराजू कसा वाजतो हे त्यांच्या कानाला पक्कं ठाऊक होतं. तसंच काहीसं त्यांना तेव्हा ऐकू आलं.

"प्रमाणपत्र माझ्या नावाने येणार," रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"तुला काही वाटत नाही?"

तिने पानातलं सावकाश संपवलं. "वाटतं ना. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, तेव्हापासून माझ्या नावाचा एकच कागद घरात आहे, लग्नाचा दाखला. त्यातही तुमचं नाव आधी. पण उत्तरं माझी होती, ती कुठे जात नाहीत. तुम्ही सगळ्यांना सांगून बसलाय, आता तुमची शोभा नको."

ती चिडून बोलली असती तर मापसाहेबांना सोपं गेलं असतं. ती समजुतीने बोलली, आणि त्यांना नीट जेवण गेलं नाही.

तोंडी परीक्षेची तारीख बँकवाल्यांना कळली ती मापसाहेबांच्याच तोंडून. आपल्या तोंडाला आता मधे दोन दाढांचाही अडसर नाही, असं ते नंतर म्हणाले. बँकवाल्यांनी इमारतीच्या वतीने 'नैतिक पाठबळ' द्यायचं ठरवलं. नको, लक्ष विचलित होईल, असं मापसाहेबांनी तीनदा सांगितलं, पण विनय समजून ते बाजूला ठेवण्यात आलं. परीक्षेच्या दिवशी साडेबाराला घरात अकरा पाहुणे होते आणि खुर्च्या सात. दंतवैद्यीणबाई दवाखाना बंद करून आल्या होत्या, कारण हे तोंड त्यांच्या हातचं होतं.

नवरा-बायकोत ठरलं होतं ते असं: कॅमेऱ्यासमोर मापसाहेब बसतील. बायको कॅमेऱ्याच्या मागे, फॉर्मची कोरी बाजू आणि जाड पेन घेऊन. प्रश्न आला की तिने उत्तर मोठ्या देवनागरी अक्षरात लिहून धरायचं आणि यांनी वाचायचं. पाहुण्यांना सांगितलं की ती टिपणं घेणार आहे. यावर कुणाला शंका आली नाही, आणि त्याचंही मापसाहेबांना उगीच वाईट वाटलं.

एक वाजता बाई दिसल्या. नाव काय, या प्रश्नाला उत्तर बायकोने लिहायच्या आत त्यांनी दिलं. मागे कुणीतरी "वा" म्हणालं. मग बाईंनी विचारलं, "मितॅ सिनॅ तेइत?"

तू काय केलंस, म्हणजे ह्या तीन महिन्यांत.

गंमत म्हणजे मापसाहेबांना प्रश्न समजला. तरी सवयीने त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या हातातला कागद कोराच होता आणि पेनाचं टोपण लावलेलंच. ती लिहायचं विसरली होती. कॉम्प्युटरच्या पाठीकडे बघत, बाईंच्या आवाजाकडे तोंड करून, ती ओठातल्या ओठांत उत्तर देत होती. सगळं उत्तर, सावकाश, मधे थांबत, आवाज न करता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मापसाहेबांनी चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण तिला कधी कुणी प्रश्नच विचारला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली. कपाळापासून मानेपर्यंत वाटली.

बाई वाट बघत होत्या. पहिल्यांदाच मापसाहेबांना ती शांतता मोडायची घाई झाली नाही. मग ते म्हणाले, "मिनॅ नुकुइन." मी झोपलो. आणि थोडं थांबून, "वाइमो ओपिस्केली." बायकोने अभ्यास केला.

सुरुवातीच्या तासांना त्यांनी टाइप केलेल्या शेकडो शब्दांपेक्षा हे चार शब्द बरोबर होते. बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कीतोस," त्या म्हणाल्या.

आणि घरात टाळ्यांचा कडकडाट झाला. कीतोस तर सगळ्यांनाच येत होतं. प्रत्यक्ष फिनलंडच्या बाईंनी धन्यवाद दिले म्हणजे पास झाल्यातच जमा. बँकवाले उठून उभे राहिले. "काय ठासून बोलले हो," ते म्हणाले. "आमच्या फ्रेंचला असा दम नाही."

मापसाहेब खुर्चीत बसून होते. ज्या भाषेत आपल्याला कुणी तपासणार नाही म्हणून घेतली, त्या भाषेत त्यांनी कबुली दिली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. नुसतं हसून मान झुकवली असती तर काम झालं असतं. बाई तिकडे जे करायचं ते करत्या. इमारतीला जन्मात पत्ता लागला नसता. बायकोही डोळ्यांनी हेच सांगत होती, असू दे.

ते उठले आणि लोकांकडे वळले. "मी आत्ता बाईंना म्हणालो, की मी झोपलो होतो. अभ्यास हिने केला. चोवीस वर्गांपैकी वीस हिने केलेत. ती शाबासकी मी खाली दाखवत फिरलो, तीही हिचीच होती. मला काही येत नाही."

टाळ्या थांबल्या. कुणाला कुठे बघावं कळेना. दंतवैद्यीणबाई म्हणाल्या, "गोळ्या माझ्याच होत्या," म्हणजे जणू दोषाचा थोडा वाटा त्यांनीही उचलला. बायको म्हणाली, "अहो, आधी सांगायचं तरी. केस नीट केले असते मी."

पण ती उठली. मापसाहेबांनी खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली आणि स्वतः कॅमेऱ्याबाहेर, तिच्या जागी जाऊन उभे राहिले. स्क्रीनवर बाई किंचित पुढे सरकल्या. त्यांना हे नवीन नसावं. वाट बघणाऱ्या माणसाला बरंच काही कळत असतं.

"मिकॅ सिनुन निमेसी ओन?" बाईंनी विचारलं. तुझं नाव काय.

बायकोने नाव सांगितलं. आधी नुसतं, मग पूर्ण. स्पष्ट आवाजात सांगितलं. मागच्या खुर्चीवर बँकवाले हळूच दंतवैद्यीणबाईंना म्हणाले, "मापकाकूंचं नाव हे होय? बारा वर्षं झाली, कधी विचारलंच नाही." त्यानंतर ती अकरा मिनिटं फिनिश बोलली. मधे दोघी चांगल्या लांब गप्प बसत होत्या. अकरा माणसांपैकी एकालाही एक अक्षर समजलं नाही आणि एकही उठून गेला नाही.

शेवटी बाई इंग्रजीत म्हणाल्या, की तोंडी परीक्षा चांगली झाली, वीस वर्ग भरतात, त्या तसं लिहून देतील. पण नोंद दुसऱ्याच्या नावावर आहे, तेव्हा कार्यालयाचा नावबदलाचा अर्ज करावा लागेल. आणि आधीच्या विद्यार्थ्याचं नाव अर्थातच कमी होईल.

लोक गेल्यावर मापसाहेबांनी अर्ज उघडला. नाव बदलण्याचं कारण: विवाह, घटस्फोट, लेखनातील चूक, इतर. त्यांनी 'इतर'वर खूण केली. चौकट उघडली. कारण लिहा, किमान वीस शब्द.

स्वयंपाकघरातून तिची गुणगुण येत होती, बहुधा फिनिशच. मापसाहेबांनी लिहिलं, 'हा अभ्यास माझ्या बायकोने केला. मी झोपलो होतो.' शब्द झाले आठ. आस्था, सदर, प्रदीर्घ असं बरंच काही बोटांवर आलं, पण लिहावंसं वाटेना. त्याहून जास्त खरं त्यांच्याकडे काही नव्हतं. मग त्यांनी तिचं नाव लिहिलं, पूर्ण, तीन शब्दांत. अकरा झाले. पुन्हा लिहिलं, चौदा. पुन्हा, सतरा. आणखी एकदा लिहिल्यावर वीस भरले आणि खालचं बटण हिरवं झालं.

मापसाहेबांनी ते लगेच दाबलं नाही. तिचं नाव त्यांनी अजून एकदा लिहिलं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणालाच झुकतं माप दिलं नव्हतं.